खडकवासल्याची अडीचकी

माझ्याबरोबर शाळेतून निवृत्त झालेल्या तिघी जणी या वर्षी परदेशी जाऊन आल्या. तिघींनीही प्रवासवर्णनं लिहिली आणि तिन्ही मला वाचायला लावली. विमानतळावरचा चहा पांचट होता, बर्फ पांढराशुभ्र होता आणि गाइड फार गोड स्वभावाचा होता, एवढं ज्ञान मला झालं. मी कसबा पेठेतून खराडीला गेले, खराडीहून कसब्यात आले आणि कसब्यातून खडकवासल्याला जाऊन परत आले. यालाही प्रवासच म्हणतात. ज्यांना हे पटत नसेल त्यांनी इथेच पान उलटावं, मी रागावणार नाही. म्हणजे रागावेन, पण तुम्हाला कळणार नाही.

मी शालिनी. वय अठ्ठावन्न. चौतीस वर्षं सातवी-आठवीला गणित शिकवलं. कसब्यात तिसऱ्या मजल्यावर दोन खोल्यांत एकटी राहते. लिफ्ट नाही, एक्कावन्न पायऱ्या आहेत. उजवा गुडघा कुरकुरतो. माझी कुंडली एवढीच आहे आणि माझ्या थोरल्या बहिणीच्या, म्हणजे ताईच्या मते तिच्यातली प्रत्येक ओळ दुरुस्त करायला हवी.

पहिला दिवस: खराडी

खराडीला बसने गेले. ताई तिच्या मुलाकडे, निखिलकडे राहते. निखिल तिथल्याच एका सॉफ्टवेअर कंपनीत आहे आणि त्यांचं घर चौदाव्या मजल्यावर आहे. आमच्या कसब्यात शेजारीण कढीपत्ता मागायला येते ती थेट ओट्यापाशी येऊन उभी राहते. इथे खालच्या फाटकावर रखवालदाराने वही पुढे केली. नाव, कुणाकडे, कशासाठी. ‘कशासाठी’च्या रकान्यात मी ‘बहीण’ असं लिहिलं. त्याने ते दोनदा वाचलं, वर फोन केला आणि मग मला सोडलं.

जेवण छान होतं. मेथीची भाजी ताईच्या हातची, पोळ्या मात्र बाहेरून येतात, डब्यातून, माणशी तीन. चौथी हवी असेल तर सकाळी कळवावं लागतं. मी तीनच खाल्ल्या आणि कळवलं नव्हतं म्हणून गप्प बसले.

जेवण झाल्यावर ताई म्हणाली, “चल, तुला काहीतरी दाखवते.” तिने कोपऱ्यातल्या खोलीचं दार उघडलं. नवे पडदे, नवी गादी, खिडकीपाशी लिहायला टेबल. मग तिने न्हाणीघराचा दिवा लावला. भिंतीला स्टीलची दांडी ठोकलेली होती, उठता-बसताना धरायला.

“तुझी खोली,” ताई म्हणाली.

मी त्या दांडीकडे बघत राहिले. अजून मी कुठे पडलेही नव्हते आणि धरायची सोय आधीच झाली होती. मला राग आला, हे खरंच. पण त्याहून खरं काय ते सांगते. मला भीती वाटली. महिन्यापूर्वी भाजीच्या दोन पिशव्या घेऊन मी आमच्या दुसऱ्या जिन्यावर वीस मिनिटं बसून होते, गुडघा उचलला जातच नव्हता. हे मी कुणाला सांगितलं नव्हतं. ताईला कसं कळलं असेल, असंच पहिल्यांदा मनात आलं.

राग आला की मी विषय बदलते. बाहेरच्या खोलीत भिंतीवर दोन खुंट्यांवर एक काळी सायकल टांगलेली होती. मी विचारलं, “ही काय शोभेला लावलीय?”

“हो मावशी, डेकॉर,” निखिल म्हणाला. “फिक्सी आहे. ऑफिसमधल्या एका मित्राकडून घेतली. दोनदा चालवली. डेंजरस प्रकार आहे.”

“काय डेंजरस?”

“हिला फ्रीव्हील नाही. चाक फिरतंय तोपर्यंत पायडल फिरणारच. पाय थांबवताच येत नाहीत.”

मी उठून जवळ गेले. पुढे मोठी दातेरी चकती, मागे लहान, मध्ये चेन. बस्स. इतर सायकलींना उतारावर कटकट करत फुकट जाता येतं, हिला ती सोय नाही. जेवढे पाय फिरतील तेवढंच चाक, जेवढं चाक तेवढेच पाय. चौतीस वर्षं फळ्यावर बरोबरचं चिन्ह काढलेल्या बाईला याहून चांगली सायकल कुठे मिळणार? मी म्हणाले, “काढ खाली. मी नेते.”

ताईने कपाळावर हात मारला. “शाले, अठ्ठावन्नव्या वर्षी शोभतं का हे?”

“शोभायला मी काय तोरण आहे?”

“गुडघा धरून जिना चढतेस आणि सायकल कसली! खडकवासल्याची ती चढण आठवते का? कॉलेजात असताना गेलो होतो आपण. तेव्हासुद्धा अर्ध्यात उतरून ढकलत नेली होतीस.”

“तूही ढकलत होतीस.”

“मी कुठे नाही म्हणतेय? मी ढकलली आणि मुकाट्याने इथे येऊन राहिले.” मग ती जे बोलली ते मी शब्दाला शब्द लिहिते, कारण पुढे त्या शब्दांवरूनच सगळं झालं. “एकदा तरी ती चढण पाय न टेकता चढून दाखव. मग मी या खोलीचं नाव काढणार नाही. नाही जमलं तर पुढच्या महिन्यात सामान बांधायचं.”

“चालेल,” मी म्हणाले. तोंडातून शब्द निघून गेला आणि मग कळलं की आपण काय कबूल केलंय. पण मागे घेणाऱ्यातली मी नाही. निखिलने पुढचा ब्रेक तपासला, सीट खाली केलं, हेल्मेट दिलं आणि “मावशी, प्लीज हळू” असं चारदा म्हणाला.

परतीच्या वाटेचं सगळं सांगत नाही. नगर रोडची धूळ तुम्ही खाल्ली नसेल तर सुखी आहात. पण पहिल्याच सिग्नलला सवयीने मी पाय थांबवायला गेले आणि पायडलने माझे पाय असे पुढे ओढले की घंटा वाजवायचंही सुचलं नाही. ब्रेक दाबला, तरी पुढच्या रिक्षाच्या पाठीवर जाऊन हलकेच आपटलेच. रिक्षावाल्याने मान बाहेर काढून मला नीट न्याहाळलं.

“काकू, आत बसायचं असेल तर हात करा. धडका कशाला देता?”

मी सॉरी म्हणाले. बंडगार्डनच्या पुलापर्यंत पायांना कळलं की आता थांबणं नाही. पुलावर वारा समोरून आला, प्रत्येक पायडल दगडासारखं जड झालं आणि गुडघ्यात सुई टोचल्यासारखं व्हायला लागलं. तरी घरी पोहोचले. सायकल खालच्या बोळात बांधली आणि एक्कावन्न पायऱ्या कठड्याला धरून चढले.

दुसरा दिवस: कसबा पेठ

मधले चार दिवस गुडघा शेकण्यात गेले, ते वगळते. पाचव्या दिवशी सायकल घेऊन सुधीरच्या दुकानात गेले. आमच्या बोळातून बाहेर पडलं की तांब्याची भांडी ठोकल्याचा आवाज येतो, त्या आवाजाच्या दिशेने गेलं की डावीकडे हे सायकलचं दुकान आहे. दारावर पाटी आहे: ‘उसना पाना मिळणार नाही. आजवर दिलेला एकही परत आलेला नाही.’ सुधीर चाळिशीतला आहे, माझा विद्यार्थी. कसब्यात पंक्चर काढणारा, भाजीवाला आणि बँकेतला कारकून, सगळे माझेच विद्यार्थी आहेत, त्यामुळे रांगेत उभं राहावं लागत नाही, पण घासाघीसही करता येत नाही.

“बाई, ही तुमची?” त्याने सायकल उलटी करून हँडलवर उभी केली आणि मागचं टायर हाताने फिरवलं. एका जागी बोट ठेवलं. तिथे टायर पार गुळगुळीत झालं होतं, बाकी सगळं नवंकोरं. “आधीच्या मालकाला पाय अडवून, चाक घासत थांबायची हौस होती. आणि दाते बघा, पुढे अठ्ठेचाळीस, मागे सोळा.”

“मग?”

“अठ्ठेचाळीसला सोळा घेतले ना, की पाय अडवल्यावर दर वेळी टायरची एकच जागा रस्त्याला घासते. अठरा घेतले तर तीन जागा. सतरा किंवा एकोणीस घेतले तर टायर सगळीकडून सारखं झिजतं. का ते मला विचारू नका. मी खडूने खुणा करून बघितलंय, वर्षानुवर्षं.”

मी त्याच्याकडे बघतच राहिले. “अरे सुधीर, हा मसावि आहे!”

“काय आहे?”

“महत्तम साधारण विभाजक. अठ्ठेचाळीस आणि सोळाचा मसावि सोळा. भाग दिला की तीनास एक, म्हणून एक जागा. अठराला मसावि सहा. भाग दिला की आठास तीन, म्हणून तीन जागा. सतरा आणि एकोणीसला मसावि एक, सहमूळ संख्या, म्हणून जेवढे दाते तेवढ्या जागा!” मी त्याच्या हातातला खडू घेऊन फरशीवर लिहायला लागले होते.

सुधीर उकिडवा बसून ते बघत होता. थोड्या वेळाने म्हणाला, “बाई, सातवी ब. सहामाहीला याच गणिताला तुम्ही मला शून्य दिलं होतं.”

“उत्तर चुकलं असेल.”

“उत्तर बरोबर होतं. पायऱ्या नव्हत्या. तुम्ही लाल शाईने लिहिलं होतं, ‘पायऱ्या दाखवा, नाहीतर कॉपी समजेन.’ माझ्या डोक्यात नुसतं उत्तर यायचं, पायऱ्या कुठून दाखवणार?”

मला आठवत नव्हतं, त्याला मात्र शाईचा रंगही आठवत होता. चौतीस वर्षांत अशी किती शून्यं वाटली असतील, कोण जाणे. मला फार वाईट वाटलं आणि मी तसं म्हणाले. तो हसला. “सोडा हो बाई. तेव्हा सायकलचं म्हणून सांगितलं असतंत, तर पायऱ्याही दाखवल्या असत्या.”

मग मी त्याला ताईचं आणि चढणीचं सांगितलं. त्याने माझ्या गुडघ्याकडे बघितलं आणि सरळ म्हणाला, “एकोणीस लावा. सोळाला पायडल एकदा फिरलं की चाक तीनदा फिरतं. चढावर ते तुम्हाला झेपणार नाही. एकोणीसला अडीच आणि किंचित वर. गुडघा दुवा देईल.”

“आणि सतराला?”

“पावणेतीनच्या थोडं वर. पण बाई, चढण आहे.”

इथे माझी चूक झाली आणि ती गणिताची नव्हती. मघाच्या शून्याने मी आतून हलले होते, न्हाणीघरातली ती दांडी डोळ्यांपुढून जात नव्हती. आणि आता माझा विद्यार्थी मला सोपा पेपर काढून देत होता. मी ताठ झाले. “मला ग्रेस मार्क नकोत सुधीर. सतरा लाव.”

“बाई, एकोणीस म्हणजे ग्रेस नाही...”

“सतरा.”

सुधीरने सतरा लावले. पण मागच्या चाकाला दोन्ही बाजूंनी आटे होते. त्याने माझ्या देखत दुसऱ्या बाजूला एकोणीसची चकती लावली, चेन लागेल तितकी सैल राहील हे बघितलं आणि म्हणाला, “ही नुसती राहू दे. लागली तर चाक काढून उलटं लावायचं, दोन नट आहेत. नाही लागली तर वजन समजा.” मग पंधराचा पाना फडक्यात गुंडाळून त्याने सीटखाली बांधला. मी पाटीकडे बोट दाखवलं.

“तो उसना नाही,” सुधीर म्हणाला. “परत आणायचाय.”

संध्याकाळी निखिलचा फोन आला. त्याला सगळं सांगितलं. तो म्हणाला, “मावशी, एकोणीस म्हणजे नाइनटीन ना? की ट्वेंटीनाइन?” त्याची सख्खी मावशी चौतीस वर्षं गणित शिकवत होती, हे मी त्याला पुन्हा एकदा सांगितलं आणि फोन ठेवला.

तिसरा दिवस: खडकवासला

गुरुवारी सकाळी सहाला निघाले. ताई आणि निखिल गाडीने थेट धरणापाशी येणार होते आणि चढण संपते तिथे उभे राहणार होते. थंडी चांगली होती, कानाला मफलर, हातात जुने लोकरी मोजे. नदी ओलांडून सिंहगड रस्त्याला लागले. त्या वेळी रस्त्यावर दूधवाले, पळायला निघालेले लोक आणि कुत्री असतात. कुत्र्यांना फिक्स सायकलचं काही कौतुक नाही, ती इतर सायकलींसारखीच हिच्याही मागे लागतात.

सपाटीवर सतरा दाते म्हणजे काय सुख होतं म्हणून सांगू! पाय आणि चाक एका लयीत. धायरी फाट्यापर्यंत मी ताईला मनातल्या मनात पाच-सहा टोमणेही तयार करून ठेवले. नांदेड फाट्यावर पोहे खाल्ले. पोह्यांवर शेव इतकी की पोहे शोधावे लागले. गाडीवाल्याने सायकल बघून विचारलं, “गिअर कुठंय हिचा?” मी म्हटलं, “नाही.” तो म्हणाला, “मग पुढं बघा तुम्ही,” आणि चटणी वाढली.

पुढं काय होतं ते मला ठाऊक होतं. धरणाच्या अलीकडे रस्ता वर चढतो. गाडीत बसलेल्याला ही चढण कळतही नाही, पानाची पिंक टाकेपर्यंत संपते. सायकलवर ती संपत नाही. मी जोर धरून सुरुवात केली. पहिला टप्पा गेला. मग वेग कमी होत गेला आणि फिक्स सायकलचा वेग कमी झाला की पायडल वर येता येताच अडतं. उजवा पाय वर आला की त्याला खाली ढकलायला सगळं अंग टाकावं लागत होतं. मी सीटवरून उठले. हँडल डावीउजवीकडे झुलायला लागलं. मागून एक टेम्पो हॉर्न वाजवत गेला. गुडघ्यात ती सुई आली आणि या वेळी ती नुसती टोचली नाही, आरपार गेली. पायडल वर आलं आणि तिथेच थांबलं.

माझा डावा पाय रस्त्यावर टेकला.

मी हँडलवर मान टाकून तशीच उभी राहिले. वर वळणापलीकडे ताई उभी असणार, तिला इथलं काही दिसत नव्हतं. नव्या पडद्यांचा रंगसुद्धा डोळ्यांसमोर आला. रडू येत होतं, पण श्वासच पुरत नव्हता.

“बाई, हितं बसा की जरा. पानी हाय, ताक हाय.” रस्त्याच्या कडेला ताडपत्रीखाली एक बाई चूल पेटवत होती. पिठलं-भाकरीचं छोटं दुकान. मथुराबाई, असं नाव तिने नंतर सांगितलं. तिने पितळी पेल्यात ताक दिलं, जिरं आणि मिरची वाटून घातलेलं. मी ते प्यायले आणि मूर्खासारखी तिला सगळी हकीकत सांगितली. बहीण, खोली, दांडी, पैज.

तिने चुलीत फुंकर मारली. “मग त्यात काय! तुमच्या भनीनं कुटं बगितलं? मीबी काय बगितलं न्हाई. बसा सायकलीवर आन् जावा वर.”

खरं सांगते, दोन मिनिटं मी विचार केला. कुणीही बघितलं नव्हतं. पण मी ज्याला उत्तर बरोबर असून शून्य दिलं त्याचं काय? पायऱ्या दाखवा, असं लाल शाईने लिहिणारी बाई आता मधली पायरी खोडून उत्तर लिहिणार होती? माझा मलाच असा संताप आला की मी उठून सायकल आडवी केली आणि सीटखालचा पाना काढला.

“काय करताय आता?” मथुराबाई म्हणाली.

“दाते बदलते.”

ग्रेस मार्क वगैरे सगळं माझ्याच डोक्यातलं होतं. सुधीरने मला सोपा पेपर दिलाच नव्हता. त्याने बरोबर पद्धत सांगितली होती आणि मी ताठ्याने चुकीची वापरली होती. वर्गात एखाद्याने असं केलं असतं तर मी त्याला बाकावर उभं केलं असतं. दोन नट सोडवताना हात काळे झाले, बोट चेंगरलं, चाक उलटं लावताना चेन दोनदा निसटली. मथुराबाईने भाकरी थापायची सोडून चाक धरलं, तिचं पीठ माझ्या सीटला आणि माझं वंगण तिच्या पदराला लागलं. शेवटी एकोणीसवर चेन बसली.

मी सायकलवर बसून खाली पायथ्यापर्यंत गेले. पायथ्याशी वळले आणि पुन्हा सुरुवात केली.

एकोणीस दात्यांनी चढण सपाट होते, असं कुणी सांगत असेल तर विश्वास ठेवू नका. पण पायडल अडत नव्हतं. ते फिरत होतं, हळू, पण फिरत होतं. एकदा पायडल, अडीचदा चाक. आणि मला अडीचकी आठवली. आईने लहानपणी आम्हा दोघी बहिणींकडून परवच्यात पाठ करून घेतलेली. मी ती तोंडाने म्हणायला लागले, एका फेऱ्याला एक ओळ. अडीच एके अडीच. अडीच दुणे पाच. अडीच त्रिक साडेसात. दहापर्यंत जायचं आणि पुन्हा एकपासून यायचं. मथुराबाईच्या ताडपत्रीपाशी आले तेव्हा ती उलथनं उंच करून ओरडली, “चला बाई, चला!” गुडघा दुखत होता. अडीच चोक दहा. दुखू दे. अडीच पाचे साडेबारा. दांडी तुमच्याच न्हाणीघरात ठेवा. अडीच सक पंधरा.

वळण आलं. वर कठड्यापाशी ताई दिसली, अंगावर शाल, शेजारी निखिल मोबाइल धरून. आता शेवटचा तुकडा, तोच सगळ्यात उभा. अडीच अठ्ठे वीस, एवढं म्हटलं आणि पुढचं सुचेना. श्वास नाही, आकडा नाही, पाय जड. “अडीच नव्वे...” मी म्हणाले. “अडीच नव्वे...”

“साडेबावीस!” ताई कठड्यापासून ओरडली. “अगं साडेबावीस! दाहे पंचवीस! चल!”

वर पोहोचले. पुढे सपाटी लागली आणि मी ब्रेक दाबून, रीतसर, दोन्ही पाय टेकले. धरणाचं पाणी समोर पसरलेलं होतं, धुकं नुकतं उठत होतं. मला ते पाणी दिसायला थोडा वेळ लागला.

ताईने माझं तोंड तिच्या शालीने पुसलं. मग तिला आठवलं की ती माझ्या विरुद्ध बाजूला आहे. ती दोन पावलं मागे सरकली. “उशीर का झाला एवढा?”

“पहिल्यांदा चढताना टेकला पाय,” मी म्हणाले. “मध्येच. मग खाली जाऊन पुन्हा चढले.”

निखिलने मोबाइल खाली घेतला. “मावशी, कशाला सांगितलंस?”

“म्हणजे हरलीस,” ताई म्हणाली. पण तिचा आवाज काही जिंकल्यासारखा नव्हता.

“नाही. तू काय म्हणाली होतीस? ‘एकदा तरी पाय न टेकता चढून दाखव.’ एकदा तरी. एकदा माझा पाय टेकला आणि एकदा मी न टेकता चढले. पहिल्याच वेळी, असं तू म्हणाली नव्हतीस. प्रश्न नीट वाचावा.”

ताईने शाल आवळून घेतली. मग म्हणाली, “त्या खोलीत निखिलची इस्त्री ठेवते. इस्त्रीला बरी आहे ती.”

आम्ही तिघांनी मथुराबाईकडे जाऊन पिठलं-भाकरी खाल्ली. तिथे पोळ्या माणशी तीन वगैरे काही नव्हतं. ताईने दोन भाकऱ्या खाल्ल्या आणि मथुराबाईला पिठल्यात लसूण किती, ते विचारून घेतलं.

परत येताना सायकल निखिलच्या गाडीत बसेना, म्हणून मी ती चालवतच आले. तो गाडी हळूहळू मागे चालवत होता आणि मागचे लोक त्याला शिव्या देत होते. गुरुवार असल्यामुळे सुधीरचं दुकान बंद होतं. पाना दुसऱ्या दिवशी नेऊन दिला. त्याने तो घेतला, खिळ्याला टांगला आणि म्हणाला, “बाई, पाटी बदलावी लागणार.” मी त्याच्या फरशीवर खडूने लिहिलं: ‘सुधीर, सातवी ब. मसावि. दहापैकी दहा.’ त्या दिवशी झाडू मारताना त्याने तेवढी जागा सोडली.

पण मी पुढचं आधी सांगितलं. गुरुवारी घराखाली आल्यावर ताई गाडीतून उतरली. दोन वर्षांत ती माझ्या घरी वर आली नव्हती. खालूनच फोन करायची, मीच एक्कावन्न पायऱ्या उतरून जायची. ती म्हणाली, “चहा पाजणार आहेस की नाही?”

“वर आहे,” मी म्हणाले.

ती चढायला लागली. पहिला जिना झाला. दुसऱ्या जिन्यावर, बरोबर जिथे मी त्या दिवशी वीस मिनिटं बसले होते, तिथे तिने कठडा धरला, पदराने घाम पुसला आणि पायरीवर बसकण मारली. “थांब गं शाले. जरा टेकते.”

मी तिच्या शेजारी बसले. गुडघा माझाही ठणकत होता, तिला दिसेल असा मी तो चोळला.

“ताई,” मी म्हणाले, “एकदा तरी या पायऱ्या न टेकता चढून दाखव. मग मी येते खराडीला.”

ती एवढी हसली की वरच्या शेजारणीने काय झालं म्हणून दार उघडलं.

तेव्हापासून ताई दर गुरुवारी येते. खालूनच सुरुवात करते, टेकली की पुन्हा खाली जाते, फसवत नाही. गेल्या गुरुवारी ती दुसऱ्या जिन्याच्या वर सात पायऱ्या गेली होती. मला आता जरा काळजी वाटायला लागली आहे.